गेल्या सात दिवसांत एक तास

मे २०२५ मध्ये सरकारने पहिल्यांदाच बेरोजगारीचा दर महिन्याच्या हिशेबाने जाहीर केला. एप्रिलचा दर होता ५.१ टक्के. त्याआधीच्या वार्षिक अहवालात, म्हणजे जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षाच्या, तो ३.२ टक्के होता. लोकांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवले आणि दिवसभर वाद घातला. कुणी म्हणालं बेकारी वाढली, कुणी म्हणालं जगातल्या पुढारलेल्या देशांपेक्षा आपली स्थिती बरी आहे. मी अर्थशास्त्र शिकवते, म्हणून ओळखीच्या काहींनी मलाही विचारलं की खरं काय. हे दोन आकडे शेजारी ठेवताच येत नाहीत, असं मी सांगितलं, तर ते टाळाटाळीचं उत्तर वाटलं त्यांना. पण ते उत्तर सरळ आहे. एक आकडा मागच्या सात दिवसांबद्दल विचारून काढलेला आहे आणि दुसरा मागच्या पूर्ण वर्षाबद्दल. घर तेच, माणूस तोच, तरी दोन प्रश्नांना तो दोन वेगळी उत्तरं देतो, आणि दोन्ही खरी असतात.

हे मला पुस्तकांच्या आधी दारोदार फिरून कळलं. कॉलेजात लागण्यापूर्वी काही काळ मी कंत्राटावर श्रमबल सर्वेक्षणाची गणक होते. ज्याला सगळे पीएलएफएस म्हणतात ते हे सर्वेक्षण. हातात टॅब, सोबत गावाचा नकाशा आणि प्रश्नांची लांबलचक पत्रिका. आमचा भाग मराठवाड्यातला. लोकांनी दिलेली माहिती गुप्त ठेवायची असा कायदाच आहे, त्यामुळे खाली जे लिहिते आहे त्यात कुठलंही एक घर नाही. बऱ्याच घरांत जे पुन्हा पुन्हा ऐकलं, तेच इथे आहे.

पहिल्या भेटीत लोकांना एका गोष्टीचं नवल वाटायचं. घरांची यादी करताना आम्ही विचारायचो, घरात दहावी झालेली माणसं किती? शेती किती, उत्पन्न किती हे नंतर, आधी दहावी. त्या आकड्यावरून घरांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटातून काही घरं निवडायची, अशी ती रचना होती. शिकलेल्या माणसांच्या कामाधंद्याचं चित्र नीट यावं, हा त्यामागचा हेतू.

निवडलेल्या घरात बसलं की खरं काम सुरू व्हायचं. घरातल्या प्रत्येकाला एक कोड द्यायचा. स्वतःची शेती किंवा धंदा करणाऱ्याला ११. घरच्या शेतीत, दुकानात पैसे न घेता हात लावणाऱ्याला २१. पगारी नोकरीला ३१, रोजंदारीला ५१. काम शोधणाऱ्याला ८१. शोधत नाही पण मिळालं तर करीन, असं म्हणणाऱ्याला ८२. शिकणारा ९१. फक्त घरकाम करणारी ९२. घरकामासोबत सरपण, चारा, रानभाजी गोळा करणारी किंवा घरच्यापुरतं शिवणटिपण करणारी ९३. म्हातारपण, पेन्शन, अपंगत्व यांचे आणखी काही. ११ ते ७२ पर्यंतचे सगळे रोजगारात, ८१-८२ बेरोजगार. या दोघांची बेरीज म्हणजे श्रमबल. नव्वदीच्या घरातले सगळे श्रमबलाच्या बाहेर. बेरोजगारीचा दर काढताना बेरोजगारांना भागायचं ते श्रमबलाने, लोकसंख्येने नाही. म्हणजे ९२ किंवा ९३ कोड पडलेली बाई या अपूर्णांकात वरही नाही आणि खालीही नाही.

आता यातली मेख. एका माणसाने आठवड्यात एक दिवस मजुरी केली, चार दिवस काम शोधलं आणि दोन दिवस घरी बसला, तर त्याला कुठला कोड द्यायचा? नियम असा, की गेल्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास जरी काम केलं असेल, तरी तो रोजगारात. काम आधी, शोध त्यानंतर आणि बाकी सगळं शेवटी, असा प्राधान्यक्रम आहे. हा एका तासाचा नियम आपल्या सरकारने काढलेला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या छत्राखाली जगभरच्या श्रमसांख्यिकीतज्ज्ञांची परिषद भरते, तिने १९८२ मध्ये तो घालून दिला. त्याला कारणंही आहेत. राष्ट्रीय उत्पन्नात एका तासाचं उत्पादन मोजलं जातं, तर तो तास घालणारा माणूसही मोजला गेला पाहिजे. आणि बेरोजगार म्हणजे ज्याला काहीच काम नाही असा माणूस, अशी रेघ स्पष्ट राहते.

ज्या देशांत बेकार झाल्यावर भत्ता मिळतो, तिथे ही रेघ कामाची आहे. या मोजणीचा उगमच तसल्या परिस्थितीतला आहे. अमेरिकेत १९३० च्या महामंदीत किती लोक बेकार आहेत हेच नक्की कुणाला सांगता येत नव्हतं. तोवर तिथे माणसाला त्याचा नेहमीचा व्यवसाय विचारत. त्यामुळे सुतार वर्षभर घरी बसला तरी सुतारच राहायचा. मग ठराविक आठवड्यात तू प्रत्यक्ष काय केलंस, हे विचारणारं मासिक नमुना सर्वेक्षण १९४० मध्ये सुरू झालं. कारखान्याची पाळी बंद झाली की माणूस बेकार आणि पाळी सुरू झाली की कामावर, अशा समाजाला ते नेमकं लागू पडलं.

मराठवाड्यातल्या घरात हा प्रश्न कसा ऐकू येतो? शहराच्या मजूर अड्ड्यावर सकाळी सातला उभा राहणारा माणूस घ्या. आठवड्यात दोन दिवस त्याला कुणी सेंट्रिंगला नेलं. बाकीचे दिवस तो दहापर्यंत थांबून डबा घेऊन परत आला. साप्ताहिक हिशेबात तो पूर्ण रोजगारात आहे. वार्षिक हिशेबात तर आहेच, कारण वर्षातला बराचसा काळ तो कामावर तरी होता किंवा कामाच्या शोधात तरी, आणि त्यातही कामाचा काळ जास्त. त्याचे ते परत आलेले दिवस कुठल्याच ठळक आकड्यात येत नाहीत. मी विचारायचे, दादा, गेल्या आठवड्यात काम केलं का? तो म्हणायचा, "केलं की. रोजच जातो." तो खोटं बोलत नसे. रोज जात होताच तो.

हे असं होणार, हे ओळखणारी माणसं आपल्याकडे होती. मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली नियोजन मंडळाने एक समिती नेमली होती. पंचवार्षिक योजनांमध्ये बेकारीचा 'अनुशेष' म्हणून काही लाखांचे आकडे दिले जात, ते कशावर उभे आहेत ते तपासणं हे तिचं काम. १९७० मध्ये अहवाल आला. आपल्या श्रमशक्तीत इतक्या तऱ्हेची माणसं आहेत की सगळ्यांची बेरीज करून एकच आकडा सांगणं योग्य नाही, असं समितीने त्यात स्वच्छ म्हटलं. स्वतःच्या रानात राबणारा, दुसऱ्याच्या बांधावर जाणारा, घरच्या दुकानात बसणारा आणि कचेरीत पगार घेणारा, यांची बेकारी एका मापाने मोजू नका, एवढी साधी गोष्ट. त्या शिफारशींना धरून राष्ट्रीय नमुना पाहणीने १९७२-७३ पासून दर पाच वर्षांनी रोजगाराच्या मोठ्या पाहण्या सुरू केल्या. त्यात माणसाची स्थिती तीन मापांनी घेतली जाई. वर्षाची नेहमीची स्थिती, आठवड्याची स्थिती आणि रोजची स्थिती.

यातलं तिसरं माप मला सगळ्यात जवळचं वाटतं. त्यात आठवड्याचे सात दिवस आणि दिवसाचे दोन अर्धे, असे चौदा तुकडे करायचे. चार तास किंवा जास्त काम झालं तर पूर्ण दिवस कामाचा, एक ते चार तास झालं तर अर्धा. उरलेल्या अर्ध्या दिवसात काम हवं होतं का, हे वेगळं विचारायचं. इथे मोजायचे ते माणसांऐवजी त्यांचे दिवस. अड्ड्यावरून परत आलेल्या माणसाचे रिकामे दिवस या एकाच मापात दिसतात. २००४-०५ च्या पाहणीत नेहमीच्या स्थितीने बेरोजगारीचा दर होता २.३ टक्के आणि रोजच्या स्थितीने ८.२ टक्के. पाहणी एकच, घरं तीच, गणकही तेच. फरक आहे तो माणसं मोजली की दिवस मोजले याचा.

आज जे दोन आकडे गाजतात त्यांत हे तिसरं माप नाही. सात दिवसांपैकी दर दिवशी किती तास काम केलं, हे पीएलएफएसमध्ये अजूनही विचारतात, मी स्वतः ते तास टॅबमध्ये भरले आहेत. पण बातमीपर्यंत ते पोचत नाहीत. मला याचं वाईट वाटतं. माहिती गोळा करण्याचा सगळा त्रास आपण घेतोय आणि मजुराच्या आयुष्याबद्दल सगळ्यात जास्त सांगणारा भाग मथळ्याच्या बाहेर राहतोय.

बायकांचा हिशेब याहून अवघड आहे, आणि त्यावर मला थोडं जास्त बोलायचं आहे.

१९६१ च्या जनगणनेत दर शंभर स्त्रियांमागे सुमारे २८ जणी काम करणाऱ्या नोंदल्या गेल्या. १९७१ च्या जनगणनेत हा आकडा १२ च्या आसपास आला. दहा वर्षांत निम्म्याहून जास्त बायकांनी शेतात जाणं सोडलं होतं का? प्रश्न बदलला होता. १९६१ मध्ये हंगामात रोज तासभर काम करणारीसुद्धा कामगार धरली होती. १९७१ मध्ये विचारलं, मुख्य काम कोणतं? आणि खेड्यातल्या घरात बाईचं मुख्य काम कोणतं असं विचारलं तर उत्तर एकच येतं. तिने दिलं तरी आणि घरातल्या बाप्याने दिलं तरी.

त्याच्या पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. सरकारने दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणं. मे १९७३ च्या सुमाराला महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं या कामांवर होती, आणि त्यात बायका खूप मोठ्या संख्येने होत्या. माझी आजी त्यांतली एक. पाझर तलावावर ती माती वाहत होती, दुपारी सुकडी खाऊन परत पाटी उचलत होती. मजुरीच्या कागदावर स्वतःच्या नावासमोर अंगठा लावायची तिची ती पहिलीच वेळ, असं ती सांगायची. जनगणनेच्या कागदावर तिच्यासमोर काय लिहिलं गेलं असेल याचा अंदाज मी बांधू शकते. हजेरीपटावर मात्र तिचं नाव होतं.

म्हणून रोजगार हमी योजनेकडे मी मोजणीची एक पद्धत म्हणूनही बघते. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात हा प्रयोग करून पाहिला, पुढे योजना झाली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला. त्यात कुणाला विचारावं लागत नाही, की बाई गं, तू श्रमबलात आहेस का? अंगमेहनतीचं काम मागितलं की शासनाने ते द्यायचं. मागणारी आली म्हणजे ती बेकार होती, याला आणखी पुरावा लागत नाही. हीच कल्पना २००५ च्या देशव्यापी कायद्यात गेली. सर्वेक्षणाला हजेरीपटाची जागा घेता येणार नाही, हे मला कळतं. पण ज्यांना आपण श्रमबलाच्या बाहेर लिहितो त्याच बायका काम निघालं की उन्हातान्हात रांगेला उभ्या राहतात. महाराष्ट्राने हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर पाहिलेलं असताना ते विसरायचं का?

नमुना पाहणीलाही हे माहीत होतं. २०११-१२ पर्यंतच्या पाहण्यांत ९२-९३ कोडच्या बायकांसाठी वेगळी प्रश्नावली असायची. परसात भाजी लावता का? कोंबड्या, जनावरं बघता का? सरपण आणता का? गोवऱ्या थापता का? पाणी बाहेरून आणता का? आणि शेवटी, घरच्या घरी काम मिळालं तर कराल का? खेड्यातल्या अशा तिघींपैकी साधारण एकीने हो म्हटलं होतं. व्याख्येने श्रमबलाच्या बाहेरच्या या बायका, काम हवं आहे असं तोंडाने सांगत होत्या. तरी बेरोजगारीच्या दरात त्या आल्या नाहीत.

आता उलट बाजू. २०१७-१८ मध्ये १५ वर्षांवरच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के श्रमबलात होत्या. २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. सहा वर्षांत इतकी उडी क्वचितच कुठे दिसते, आणि तिचं कौतुक झालं. मलाही कौतुक करायला आवडलं असतं. पण कोड उघडून बघावे लागतात. २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या स्त्रियांपैकी ३६.७ टक्के २१ कोडच्या होत्या, घरच्या शेतीत किंवा धंद्यात विनामोबदला मदत करणाऱ्या. शेतीवर असणाऱ्या बायकांचं प्रमाणही या काळात वाढलं, कमी झालं नाही. करोनानंतर शहरातून घरं परत आली, पुरुषांची मिळकत आटली, म्हणून बायका शेतात जास्त राबू लागल्या. हा भाग नक्कीच आहे. आधी न दिसणारं काम आम्ही गणक आता जास्त खोदून विचारतो, हाही असेल. दोन्हींत किती वाटा कुणाचा, यावर जाणकारांत वाद आहे.

खोदून विचारणं म्हणजे काय, ते सांगते. दारात सासरे बसलेले असतात. घरच्या सगळ्यांची माहिती तेच देतात आणि नियमाने ते चालतं.

"सूनबाई काय करतात, मामा?"

"काय नाही, घरीच असती."

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत असतो. गोठ्यात दोन म्हशी असतात. मी विचारते, धारा कोण काढतं? तीच. डेअरीला दूध कोण घालतं? मी घालतो. कापूस वेचायला कोण जातं? आम्ही सगळेच जातो. मग मी ९२ ऐवजी २१ भरते. त्या घरातलं कुणाचंही आयुष्य त्याने बदललेलं नसतं. देशाचा श्रमबलाचा दर तेवढ्या अंशाने वर गेलेला असतो. आणि मी घाईत असते, ऊन चढलेलं असतं, पुढची घरं बाकी असतात, तर ते ९२ च राहिलं असतं. सूनबाईंना मी बाहेर बोलवायचे. काहीजणी यायच्या, ओट्यावर पदर सावरून बसायच्या आणि सासऱ्यांनी सांगितलेलंच सांगायच्या. काहीजणी मात्र सगळा दिवस तासातासाने सांगायच्या. त्यांचा दिवस टॅबमध्ये मावत नव्हता. २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं निघालं आणि पुरुषांची ९७. या २९९ मिनिटांना श्रमबलाच्या पत्रिकेत जागा नाही.

ऊसतोडीच्या पट्ट्यात आणखी वेगळं. दिवाळीच्या आगेमागे गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती 'कोयत्या'ला मिळते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर गेलेला माणूस गावच्याच घरात धरायचा, असा नियम आहे. म्हणून जानेवारीत त्या घरी गेलं की म्हातारी आजी, मांडीवर नातू घेऊन, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असलेल्या मुलाचे आणि सुनेचे तास सांगते. पहाटे किती वाजता मोळ्या बांधायला लागतात, गाडी रात्री किती वाजता भरतात, हे तिला कसं माहीत असणार? ती म्हणते, "दिवस-रात कामच असतंय, लिवा तुमी." पत्रिकेत दिवस-रात भरता येत नाही, आकडा भरावा लागतो.

या सगळ्यांच्या शेजारी, त्याच गावात, 'तयारी करतो' म्हणणारी मुलं असतात. पोलीस भरतीची, तलाठ्याची, राज्यसेवेची. पुण्यात, संभाजीनगरात, लातुरात अभ्यासिकांतून बसलेली. बाप पैसे पाठवतो तोवर ती थांबतात. बेरोजगारीचा दर मुख्यतः यांचा आहे. निरक्षर माणसांत तो जवळजवळ शून्य निघतो आणि पदवीधरांत दहा टक्क्यांच्या वर जातो. शिक्षणाने बेकारी येते, असा याचा अर्थ काढणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्यांचा राग येतो. ज्याच्या घरात चार महिन्यांचं धान्य आहे तोच मनासारख्या कामासाठी थांबू शकतो. ज्याच्याकडे ते नाही, तो संध्याकाळच्या आत काहीतरी करतो, दोनशे रुपयांचं का होईना, आणि आपल्या व्याख्येत तो रोजगारात जातो. बेरोजगारीचा दर कमी असणं हे गरिबीचंही लक्षण असू शकतं. थांबलेल्या मुलांची वेदना याने कमी होत नाही. पस्तिशीला आलेला मुलगा वय बसत नाही म्हणून गावी परततो आणि बापाच्या शेतात उभा राहतो. त्या दिवशी त्याचा कोड ८१ वरून २१ होतो आणि देशातली बेकारी एका माणसाने घटते.

मला आकड्यांवरचा विश्वास उडवायचा नाहीये. हे काम करणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. तुटपुंज्या मानधनावर, धुळीच्या रस्त्यांवरून, कुत्री चुकवत, लोकांचे "याने आम्हाला काय मिळणार" हे प्रश्न झेलत ती प्रामाणिकपणे पत्रिका भरतात. जानेवारी २०२५ पासून खेड्यातल्या घरातही लागोपाठ चार महिने परत जायचं, अशी नवी रचना आली आहे आणि ती चांगली आहे. माझी मागणी एवढीच आहे, की दर महिन्याला एका टक्केवारीसोबत कामाचे तास आणि मिळू न शकलेले दिवसही छापा. काम करणाऱ्यांपैकी किती जण विनामोबदला आहेत, ते त्याच पानावर सांगा. ९२-९३ वाल्या बायकांना तो जुना प्रश्न पुन्हा विचारा, की काम मिळालं तर कराल का. आणि बाईबद्दलचं उत्तर कुणी दिलं, तिने की दुसऱ्याने, याचा हिशेबही जाहीर करा.

लवकरच जनगणना आहे. लोकसंख्येच्या मोजणीचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. जनगणनेच्या अलीकडच्या व्याख्येत घरच्या शेतीतली विनामोबदला मदत काम धरली जाते, आणि दूध घरापुरतंच असलं तरी म्हैस सांभाळणं हेही काम धरलं जातं. बऱ्याच घरांना हे माहीत नसतं. गणक दारात आला की त्याला बसायला द्या, पाणी द्या, आणि घरातल्या बाईला बाहेर बोलवा. तिच्याबद्दलचं तिला सांगू द्या. वर्षात किती महिने शेतात होतीस, असं त्याने विचारलं तर तिला आठवायला वेळ लागेल. पेरणी, खुरपणी, वेचणी, काढणी असं ती मोजत जाईल. तेवढा वेळ थांबा.